स्थानिक नाव : खेडा

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा उगाच आमच्या साहेबाला शिव्या घालेल, ठेकेदाराला घालेल, अख्ख्या हरियाणाला घालेल. त्यांच्या वाटणीचं त्यांना मिळो. मी फक्त माझ्या वाट्याचं सांगतेय.

मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नकाशे काढते. जुन्या वास्तूंचे. पदाचं नाव ड्राफ्ट्समन; बाई असले तरी कागदावर मॅनच. माझी सगळी नोकरी घुमट आणि कमानी काढण्यात गेली. दगडाचं काम बरं असतं. दगड आज जिथे आहे तिथेच उद्याही असतो, आणि त्याला काय म्हणतात हे कुणाला विचारावं लागत नाही.

घरी आप्पा, म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आई गेल्यावर द्वारकेला माझ्याकडे राहायला आले. अठराव्या वर्षी भरती होईपर्यंत त्यांनी शेती केलेली. मी मात्र छावण्यांमध्ये वाढले. अंबाला, जबलपूर, सिकंदराबाद, परत अंबाला. आमचं गाव धरणात गेलं तेव्हा मी दोन वर्षांची होते, त्यामुळे गाव म्हणजे काय ते मला ऐकूनच माहीत. दिल्लीत तीस वर्षं काढल्यावर माझ्या बोलण्यात 'अच्छा', 'चलो', 'बिल्कुल' इतकं घुसलंय की आप्पा म्हणायचे, एक पानिपत तिकडे काला आंबच्या रणांगणावर झालं आणि दुसरं आमच्या लेकीच्या जिभेवर. स्वतः दर जानेवारीत तिथल्या स्मारकाला जाऊन यायचे, तेव्हा त्यांना बोलायचा हक्क होता.

त्या वर्षी ते पानिपतहून खोकला घेऊन आले. आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या कार्यालयात तो अर्ज पुढे सरकला.

अर्ज मानेसरच्या पलीकडच्या एका गावातून आला होता. गाड्यांच्या कारखान्यांच्या भिंती संपल्या की पुढे अजून मोहरीची शेतं लागतात, त्यातलं गाव. अर्जदार एक म्हातारी बाई, अंगठा उठवलेला, मजकूर शाळेच्या मास्तरांनी लिहिलेला. म्हणणं एवढंच, की आमच्या शिवारात मातीचा एक उंचवटा आहे, फार जुना आहे, त्यातून खापरं निघतात. आता प्लॉट पाडणाऱ्यांना भरावासाठी माती हवी म्हणून तो खोदायला घेतलाय. सरकारने येऊन पाहावं आणि आपल्या वहीत लिहावं. वहीत नाव चढलं तर ठेकेदाराला हात लावता येणार नाही, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. असे मातीचे उंचवटे मोजणारा आमचा माणूस लांबच्या रजेवर होता. म्हणून मला जायला सांगितलं.

शनिवार होता. घरात आप्पांजवळ थांबायला कुणी नव्हतं. बरोबर येणारा साहेब नवा, तरुण, भला पोरगा. तो म्हणाला, अंकलना पण घेऊन चला, गाडीत जागा आहे. आप्पा मफलर गुंडाळून तयारच होते. खोकला बरा असता तरी ते आलेच असते.

बाई शेताच्या तोंडाशी उभी होती. सत्तरीची असावी, काटक, डोक्यावर ओढणी, पायात पुरुषी बूट. मी सवयीने 'ताई' म्हणाले. हरियाणात ताई म्हणजे थोरली काकू. तिला तेच योग्य वाटलं आणि मलाही. तिचा नवरा फौजेत होता आणि तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. आप्पा फौजी आहेत कळल्यावर तिने त्यांच्यासाठी खाट मागवली आणि मग आमच्यापेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलू लागली. जमीन पुतण्यांच्या नावावर होती. माती उचलायचा ठेका त्यांनीच दिला होता. ते आले नाहीत. त्यांच्या मते म्हातारीला खूळ लागलं होतं.

उंचवटा दोन पुरुष उंच असेल. वर एक पांढरी रंगवलेली घुमटी, हातभर उंचीची. आत मूर्ती नाही, नुसता दिवा ठेवायची जागा. गावात नवी सून आली की आधी इथे माथा टेकते, म्हैस व्याली की पहिलं दूध इथे, मूल झालं की इथे. सगळं बायकांनीच करायचं, पुजारी नाही. ताईने आमच्यादेखत लोटीतलं दूध तिथे ओतलं आणि मगच आम्हाला काम सुरू करू दिलं.

एका अंगाने मशीनने उंचवटा कापला होता, वडी कापावी तसा सरळ. त्या कापात थर दिसत होते. राखेचा एक, मातीचा एक, मग भाजलेल्या लाल मातीचा, पुन्हा राख. साहेब अगदी हरखून गेला. त्याने खाली पडलेली राखाडी रंगाची पातळ खापरं वेचली. त्यांवर काळ्या रेघा ओढलेल्या होत्या. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची असावीत, म्हणाला, आणि लगेच, अंदाजच हं मॅडम. घासून मधे खोलगट झालेला दगडाचा एक तुकडा सापडला. ताई म्हणाली, यावर दळत असणार, असले दगड आम्ही कडब्याच्या गंजीवर वजनाला ठेवतो.

आप्पा खाटेवरून उठून कापाजवळ गेले. मी ओरडले, आप्पा, माती ढासळेल, लांब राहा. ऐकतील तर ते आप्पा कसले. त्यांनी चिमूटभर माती घेतली, तळहातावर चोळली, फुंकली.

"ही पांढर आहे," म्हणाले.

मग खालच्या बाजूला कापात एक गोल, हंड्याच्या आकाराची जागा दिसत होती, तिच्यात वेगळीच करडी माती भरलेली. त्यांनी बोट दाखवलं आणि म्हणाले, हे पेव. धान्य ठेवायचं. साहेबाने ब्रशने थोडं झाडलं तर खरंच आतून जळून कोळसा झालेले दाणे निघाले, जवासारखे. गुडगावात टॉवरांचं पेव फुटलंय, कोचिंग क्लासचं पेव फुटलंय, हे मी हजारदा म्हटलं असेल. पेव डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी. कुणीतरी पेरलं, कापलं, मळलं, खाली उतरून भरून ठेवलं आणि ते खायला मिळालं नाही त्यांना.

पण पांढरीबद्दल मी हुज्जत घातलीच. शब्द मला माहीत होता, म्हणजे काळी-पांढरी असा जोडीने ऐकलेला, पण अर्थ काय ते धड माहीत नव्हतं. आप्पा समजावू लागले. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढर म्हणजे वस्तीची. घरं पडतात, त्याच जागी परत उभी राहतात. भिंतींची माती, चुलींची राख, शेण, भुसा पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जिरतो. मग जमीन उंच होते आणि रंग उतरतो. गाव उठून गेलं तरी पांढर राहते, आणि लोक तिला हात जोडतात. मी आधीच थंडीने वैतागलेले, टेप एका हाताने धरता धरता म्हणाले, आप्पा, हे हरियाणा आहे, इथे कुठली आलीय पांढर.

"माती काय तुझ्या खात्याला विचारून रंग बदलते?" एवढं बोलून ते खाटेवर जाऊन बसले.

आम्ही दुपारपर्यंत मोजमाप केलं. मी उंचीच्या रेषा काढल्या, घुमटीची जागा टिपली, कापलेली बाजू दाखवली. गाव पश्चिमेला होतं, तळ्याच्या मागे. माझा कागद शेताच्या बांधाशी संपत होता, म्हणून गाव कागदावर आलं नाही. शेवटी फॉर्म भरायचा राहिला. त्यात एक रकाना असतो, स्थानिक नाव. मी ताईला विचारलं, याला तुम्ही काय म्हणता? ती म्हणाली, खेड़ा. आणखी काही? नाही, खेड़ा. आमचं गाव इथूनच बसलं, म्हणाली.

मी लिहिलं, खेडा. आणि माझ्या मराठी कानाला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. खेडा म्हणजे खेडं, खेडं म्हणजे गाव, ही म्हातारी आपल्या गावाबद्दल सांगतेय. सोमवारी टेबलावर बसून मी नकाशा शाईने पक्का केला. रेषांच्या बरोबर मधोमध, माझ्या सुंदर अक्षरात, इंग्रजीत लिहिलं: गाव, आणि कंसात खेडा. माझं अक्षर खात्यात नावाजलेलं आहे.

त्या शनिवारी निघताना ताईने आम्हाला बाजरीची खिचडी वाढली, वर तुपाची धार, बोट बुडेल एवढी. आप्पांनी खोकला विसरून दोनदा घेतली. गाडीत बसताना तिने माझा दंड धरला आणि विचारलं, लिख लिया? मी म्हणाले, बिल्कुल, ताई. लिख लिया. ती हसली. पुढचे दात नव्हते तिला.

त्यानंतर साहेबाची बदली दक्षिणेत झाली. जाण्याआधी त्याने फाइलीत दोन ओळींची टिप्पणी केली होती, खापरं महत्त्वाची वाटतात, तपशील सोबतच्या नकाशात पाहावा. तो सविस्तर लिहिणार होता, ते राहून गेलं. मीही विसरले. खोटं कशाला बोलू, कार्यालयात सांगितलं की एक दिवस छान शेतात हिंडून आले, आणि विसरले.

वर्ष उलटून गेल्यावर आमच्याकडे जुने कागद कॉम्प्युटरात चढवायचं काम निघालं. तो नकाशा साफ करायला माझ्याच टेबलावर आला. वर एक चिठ्ठी टाचलेली होती. मजकूर सरकारी: सदर उंचवट्यावर सध्या गाव वसलेले असल्याचे नकाशावरून दिसते, सबब यादीत समावेशाचा प्रश्न उद्भवत नाही. प्रकरण बंद.

मी मोठ्याने म्हणाले, गाढव आहे का हा? तिथे गाव कुठे आहे? शेजारच्या टेबलावरच्यांनी वर पाहिलं. मग मी चिठ्ठी उचलून खालचा नकाशा पाहिला. मधोमध ते माझं नावाजलेलं अक्षर.

मग शेजारच्या हरियाणाच्या बाबूला, जसं काही सहज विचारतेय अशा सुरात विचारलं, तुमच्याकडे खेड़ा म्हणजे काय हो? तो म्हणाला, मॅडम, खेड़ा म्हणजे जिथे गाव पहिल्यांदा वसलं ती जागा. तिथे कुणी राहत नाही, तिला पुजतात. इतकं सोपं होतं. एका प्रश्नाचं काम होतं, आणि तो प्रश्न मी वर्षभर उशिरा विचारला.

नकाशाची प्रत घरी आणली आणि आप्पांपुढे ठेवली. सांगावं लागलं नाही. त्यांनी चष्मा लावून मधला शब्द वाचला, मग परत वाचला.

म्हणाले, "अगं, खेडा म्हणजे त्यांची पांढर. ती बाई सांगत होती, मी सांगत होतो. तू गाव लिहिलंस?"

मी म्हणाले, आप्पा, शब्दानं घात केला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. जेवण झाल्यावर, हात धुऊन आल्यावर, टॉवेलला हात पुसत उभ्या उभ्या बोलले.

"आपलं गाव पाण्यात गेलं तेव्हा मी सरहद्दीवर होतो. सुट्टी मिळाली नाही. नव्हतो म्हणून पाहिलं नाही, असं मी मनाला सांगतो. तू तर तिथं उभी होतीस."

आयुष्यात त्यांनी मला मारलं नाही कधी. त्या दिवशी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते जाऊन झोपले आणि मी ओट्याशी उभी राहून रडले, अगदी लहान पोरीसारखी, आवाज दाबून.

रविवारी मी एकटी गेले. मेट्रो, मग बस, मग मानेसरच्या पुढे कामगारांच्या गर्दीत शेअर ऑटो. मनात एकच घोकत होते, कदाचित थोडा राहिला असेल. निम्मा तरी. निम्मा राहिला असला तर मी नवा नकाशा काढेन, नवी टिप्पणी लिहीन, ज्याने शेरा मारला त्याच्या टेबलासमोर जाऊन बसेन.

काही राहिलं नव्हतं. सपाट जमीन, चुन्याच्या रेघांनी चौकोन पाडलेले, कोपऱ्यांवर सिमेंटचे खुंट. राखाडी खापरांचा चुरा पायाखाली कर्रकर्र वाजत होता. घुमटी तेवढी ठेवली होती, नवी बांधून, बाथरूमची टाइल लावून, पार जमिनीला टेकलेली. मी उंचीच्या रेषा कुठून कुठे गेल्या होत्या ते आठवू लागले आणि मला दिशाही धड लागेना.

ताई घरीच होती. मला ओळखलं तिने. आधी आप्पांची चौकशी केली, खोकला गेला का फौजीचा. मग मी न विचारताच सांगू लागली. मशीन परत आलं तेव्हा ती पुढ्यात जाऊन बसली होती. तीन दिवस बसली. सगळ्यांना सांगत होती की हे सरकारने लिहून घेतलंय, दिल्लीची मॅडम स्वतः येऊन लिहून गेली, हात लावाल तर आत जाल. ठेकेदाराने कुठेतरी चौकशी केली. उत्तर आलं, अशी काही नोंद नाही. मग सगळे हसले. पुतणे म्हणाले, ताई, खोटं बोलायचं वय आहे का हे? तेव्हापासून घरात, विहिरीवर, लग्नाकार्यात तिने काही सांगितलं की कुणीतरी म्हणतंच, हां हां, मॅडम लिहून गेली असेल. उंचवट्याबद्दल सांगताना तिचा आवाज स्थिर होता. हे सांगताना मात्र तिने ओढणी तोंडाशी धरली.

पळून जावंसं वाटलं, खरंच सांगते. चहा पिऊन, दोन हळहळीचे शब्द टाकून निघता आलं असतं. तिला काय कळणार होतं?

मी पिशवीतून नकाशाची प्रत काढली आणि तिच्या खाटेवर पसरली. म्हणाले, ताई, तुम्ही खोटं बोलला नाहीत. मी लिहिलं होतं. पण चुकीचं लिहिलं, म्हणून सगळं गेलं. तुम्ही खेड़ा सांगितलंत आणि मी गाव लिहिलं. बोट ठेवून तो शब्द दाखवला. आमच्या भाषेत खेडं म्हणजे गाव, हेही सांगितलं, पण ते सांगताना माझं मलाच लाजिरवाणं वाटलं.

तिला वाचता येत नव्हतं. तिने त्या शब्दावरून अंगठा फिरवला. मग त्याच्याभोवतीच्या रेषांवरून, एकीवरून आत दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, चढण चढावी तसा.

"गाम ए तो था यो," ती म्हणाली. "गलत के लिख्या तन्नै?"

गावच तर होतं हे, मग तू चुकीचं काय लिहिलंस? ती चिडलेली नव्हती. मला माफही करत नव्हती, कारण माफ करण्यासारखं काही घडलंय असं तिला वाटतच नव्हतं. कुणीतरी सरकारी कागदावर तिचं सगळ्यात पहिलं गाव गाव म्हणून लिहिलं होतं. तिच्या दृष्टीने नोंद बरोबर होती. मला सांगावंसं वाटलं, बाई, बरोबर लिहिलं म्हणूनच तर गेलं.

ती उठली. कागदाची घडी न घालता, तसाच पसरलेला एका हातात धरून, दुसऱ्या हाताने माझं मनगट पकडून ती मला अंगणातून बाहेर घेऊन गेली, बोळ ओलांडून पुतण्यांच्या दाराशी. दोघेही पुतणे घरी होते, बाजेवर बसलेले. बायका भाजी निवडत होत्या. त्यांच्यासमोर मला उभं करून तिने कागद वर धरला.

"देख ल्यो। लिख्या था इसनै। आपणे हाथ तै लिख्या था।" मग माझ्याकडे वळली. "बोल, लिख्या था के नहीं?"

थोरल्या पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कागद हातात घेऊन वाचता आला असता, पण तो उठला नाही. भाजी निवडणारी सून हात थांबवून ताईकडे पाहत होती.

मी म्हणाले, "हाँ. लिखा था."